मोठ्या ट्राउट रिझर्व्हॉयरवर पाइक-झँडरचा भोपळा फोडायचा कसा

इंग्लंडातल्या मोठ्या ट्राउट रिझर्व्हॉयरवर, म्हणजे ट्राउट मासे सोडलेल्या धरणावर, पाइक किंवा झँडर या शिकारी माशांसाठी गेलात आणि संध्याकाळी हात हलवत परत आलात तर तुमच्यात किंवा तुमच्या रॉडमध्ये काही खोट आहे असं समजू नका, तिथे बहुतेक लोकांचा बहुतेक दिवस असाच जातो, फोटो मात्र मासा लागलेल्या दिवसाचेच टाकले जातात. ब्रिस्टल, मिल्टन कीन्स, लेस्टर, पीटरबरो या बाजूला राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींनी लहानपणी नदीवर नाहीतर खाडीत गळ टाकलेला असतो, इकडे आल्यावर कॅनॉलवर किंवा छोट्या तळ्यावर जम बसतो, मग कुणीतरी वीस किलोच्या पाइकची गोष्ट सांगतं आणि तिकीट काढलं जातं. हा लेख तिकिटानंतरच्या दिवसासाठी आहे. सकाळचे तीन तास गेलेत, काही हललं नाहीये, वारा बोचतोय आणि आता नेमकं काय बदलायचं ते सुचत नाहीये.

माझं म्हणणं थोडक्यात असं की अशा दिवशी लोक आमिष बदलत बसतात आणि जागा तीच ठेवतात, ते उलटं व्हायला हवं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पाणी केवढं आहे ते आधी डोक्यात बसवा

ब्रिस्टलजवळचं च्यू व्हॅली लेक साधारण 1,200 एकर आहे, 1956 मध्ये राणी एलिझाबेथच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. केंब्रिजशरमधलं ग्रॅफम वॉटर 1,500 एकरांच्या आसपास आणि रटलंड वॉटर तर 3,000 एकरांच्याही वर. ही पाणी पुरवण्यासाठी बांधलेली धरणं, वर ट्राउटची मासेमारी म्हणून रेनबो आणि ब्राउन ट्राउट सोडले जातात, आणि पाइक म्हणजे पूर्वी तिथला चोरच समजला जायचा, जाळी लावून काढून टाकायचे. त्यामुळे झालं काय की पाइकची संख्या फार वाढली नाही, पण जे उरले त्यांच्यासमोर रोच, पर्च असे छोटे मासे आणि वरून आयते सोडलेले ट्राउट, म्हणजे जेवणाला तोटा नाही. म्हणूनच ब्रिटनचा पाइकचा विक्रम अशाच पाण्यातून येतो. 1992 मध्ये वेल्समधल्या लँडेग्वेड रिझर्व्हॉयरमधून 46 पौंड 13 औंसाचा निघाला, तो विक्रम तीस वर्षांहून जास्त टिकला आणि 2024 च्या फेब्रुवारीत च्यूमधल्या 47 पौंड 5 औंसाच्या पाइकने मोडला.

आता याची दुसरी बाजू बघा. मासे मोठे आहेत पण थोडे आहेत, पोट बऱ्याचदा भरलेलं आहे, आणि ते एवढ्या पाण्यात सारखे पसरलेले नसतात, खाणं जिथे जमलंय तिथेच घोळक्याने असतात. म्हणजे कुठल्याही दिवशी तलावाचा बहुतेक भाग तुमच्या दृष्टीने रिकामाच. कॅनॉलवर एका जागी तासभर चिकाटीने बसलं की काहीतरी येतं, इथे तीच चिकाटी अंगाशी येते.

घरून निघायच्या आधी

रॉड लायसन्स आधी काढा. इंग्लंड आणि वेल्समध्ये वयाची 13 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते लागतं, 13 ते 16 वयाच्या मुलांना फुकट आहे पण काढावं लागतंच, आणि नसेल तर 2,500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तलावाचं तिकीट वेगळं. काही ठिकाणी पाइकसाठी वर्षातला ठरावीक काळच खुला असतो आणि त्या बोटी भराभर संपतात. शिवाय प्रत्येक पाण्याचे नियम वेगळे, कुठे फक्त लूर (माशासारखं दिसणारं नकली आमिष) आणि फ्लाय (पिसांची नकली माशी) चालतात, कुठे मेलेलं आमिष चालतं पण समुद्रातलं, जिवंत आमिष तर बहुतेक ठिकाणी बंदच. नियम तिकिटासोबत येतात, आदल्या रात्री चहा पिता पिता वाचून टाका, जेटीवर थंडीत उभं राहून कोणी वाचत नाही.

मग नकाशा. ही गोष्ट फुकट आहे आणि तरी फार कमी लोक करतात. ही सगळी धरणं म्हणजे बुडालेली शेतं, रस्ते आणि वस्त्या. च्यूखाली मोर्टन नावाची वस्ती गेली, रटलंडखाली नेदर हॅम्बल्टन आणि मिडल हॅम्बल्टनचा बराचसा भाग गेला, नॉर्मँटनचं चर्च तेवढं काठावर वाचलं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आजच्या सॅटेलाइट चित्रावर ठेवून बघता येतात, अगदी इंग्लंडचेसुद्धा. जुन्या ओढ्याचं पात्र, रस्ता, दोन शेतांमधला बांध, खाणीचा खड्डा, हे सगळं पाण्याखाली अजून थोडंफार तसंच असतं आणि सपाट तळाच्या मधोमध असा चर किंवा उंचवटा असला की रोचचे थवे त्याला धरून राहतात. अशा सहा-सात जागा फोनच्या मॅपवर पिन करून ठेवा. उद्याचा तुमचा रस्ता हाच.

वाऱ्याचा अंदाज बघताना वेगाइतकीच दिशा बघा आणि आदल्या दोन-तीन दिवसांचा वारा पण बघा, कारण तेवढे दिवस एकाच दिशेने वाहिलेला वारा काठाजवळचं पाणी गढूळ करतो आणि खाणं त्या बाजूला ढकलतो. ताशी 20 मैलांच्या पुढचे झोत दाखवत असतील तर बोट मिळेलच असं नाही, जेटीवरच थांबवतात, आणि ते बरोबरच आहे. हिवाळ्यात पाणी 5-6 अंशांवर असतं, त्यात पडलात तर पहिल्या मिनिटातच धाप लागते आणि मग हात चालेनासे होतात, पोहता येतं का हा प्रश्नच उरत नाही. लाइफ जॅकेट अंगात घालून बांधलेलं असावं, सीटखाली ठेवलेलं नको, आणि आपोआप फुगणारं असेल तर आतला सिलिंडर घट्ट बसलाय ना ते निघायच्या आधी हाताने फिरवून बघा. इंजिनाला किल कॉर्ड (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी दोरी) असेल तर ती पायाला लावा.

सामान

यावर वाचायला ढिगाने मिळतं म्हणून मी थोडक्यातच सांगतो. पाइकच्या मोठ्या लूरसाठी 100 ग्रॅमच्या आसपास वजन फेकणारा रॉड आणि 50 पौंडांची ब्रेड (विणलेली लाईन), झँडर आणि पर्चसाठी 10 ते 30 ग्रॅमचा जिग (डोक्याला वजन असलेला गळ) फेकायचा रॉड आणि 15-20 पौंडांची ब्रेड. दोन्हीला वायर ट्रेस, म्हणजे पाइकच्या दातांनी लाईन तुटू नये म्हणून टोकाला लावायची तार. झँडरसाठी आलोय मग वायर कशाला असं म्हणणारे भेटतील, पण त्याच पाण्यात पाइक आहेत, त्याने लाईन तोडली की तो तोंडात गळ घेऊन फिरत राहतो आणि एवढ्या एका कारणासाठी माझ्या मते वायरला पर्याय नाही.

ज्यात काटकसर करू नये ते म्हणजे 42 इंची जाळी, गळ काढताना मासा ठेवायची जाड मॅट, फूटभर लांब फोरसेप्स (गळ काढायचा चिमटा) आणि गळ कापता येईल असा मजबूत साइड कटर. हे नसेल तर जाऊ नका.

फिशफाइंडर, म्हणजे खोली आणि खालचे मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, असेल तर उत्तमच. नसेल तर दोरीला वजन बांधून खोली मोजा, जुनी रीत आहे पण चालते.

पहिले दोन तास फक्त शोध

सगळा दिवस इथेच ठरतो म्हणून जरा सविस्तर. जेटीवरून सुटलात की समोरचं पाणी किती छान दिसतंय, इथेच दोन-चार कास्ट मारू, असा मोह होतो आणि तिथेच दीड तास जातो. त्याऐवजी पहिली पिन केलेली जागा गाठा आणि जाता जाता पक्षी बघा. मोठ्या तुऱ्याच्या पाणडुब्या तीन-चार एकाच ठिकाणी बुड्या मारतायत आणि वर येताना चोचीत चांदीसारखं काहीतरी चमकतंय, तर खाली छोटे मासे आहेत. पाणकावळे ओळीने एकाच दिशेने सरकतायत तर ते थवा हाकतायत. पण पक्षी नुसते खांबावर पंख वाळवत बसले असतील तर ती त्यांची झोपायची जागा, तिकडे जाऊन काही मिळत नाही.

फिशफाइंडरच्या स्क्रीनवर काय शोधायचं? शिकारी माशाची एकटी कमान शोधू नका, आधी खाणं शोधा. छोट्या माशांचा थवा ढगासारखा दिसतो, तळाशी किंवा मधल्या पाण्यात. तो ढग सैल पसरलेला असेल तर त्याला कोणी त्रास देत नाहीये. तोच घट्ट गोळा झालेला, एका बाजूने खाल्ल्यासारखा किंवा मधून फाटलेला दिसला आणि शेजारी दोन-तीन जाड रेघा, म्हणजे शिकारी मासे, असल्या तर बोटीवर शांत बसा, भांडी आपटू नका, इथे मासेमारी करायची.

ऋतूप्रमाणे कुठे बघायचं ते साधारण असं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पर्च आणि रोचची पिल्लं गवताच्या कडेला, जेटींच्या आणि बांधून ठेवलेल्या बोटींच्या आसपास असतात, ट्राउटसुद्धा त्यांच्यावर तुटून पडतात आणि पाइक त्या दोघांच्या मागे, म्हणजे 6 ते 12 फूट पाणी. थंडी वाढली की गवत मरतं, पिल्लं खोल जातात, मग जुन्या नदीपात्राची कड, पाणी उपसायच्या टॉवरची बाजू आणि धरणाच्या भिंतीचा उतार. फेब्रुवारीच्या शेवटापासून मोठ्या माद्या अंडी घालायच्या तयारीत उथळ खाड्यांच्या तोंडाशी सरकतात. च्यूसारखं पाणी सरासरी 14-15 फूटच खोल असल्यामुळे तिथे हे हलणं आडवं जास्त असतं, रटलंडला धरणाकडे 100 फुटांच्या आसपास खोली मिळते म्हणून तिथे उभंही असतं.

प्रत्येक जागेला वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्यात थवा नाही, पाठलाग नाही, टकटक नाही, तर इंजिन चालू करा. रिकाम्या जागेवर देव पाण्यात घालून बसण्यात अर्थ नाही. मात्र थवा दिसतोय आणि काही लागत नाहीये तर जागा सोडू नका, ती वेगळी गोष्ट, ती पुढे येते.

बोटीचा वेग

माझ्या मते फुकट गेलेल्या दिवसांपैकी निम्म्याचं खापर यावरच फोडावं. वारा जरा वाढला की बोट ताशी दीड-दोन मैलांनी वाहते, तुम्ही 15 फुटांवर चालवायचा म्हणून टाकलेला शॅड (रबरी माशाचा लूर) प्रत्यक्षात 5-6 फुटांवरच ओढला जातोय आणि तुम्हाला पत्ता नाही. म्हणून ड्रोग, म्हणजे पाण्यात उघडणारी छत्री, वाऱ्याच्या बाजूने बोटीच्या मधोमध बांधा, बोट आडवी राहून हळू सरकते. लूर फेकायला ताशी अर्धा ते एक मैल ठीक, झँडरसाठी सरळ खाली जिग सोडून बसायचं तर त्याहूनही कमी. फोनच्या जीपीएसवर वेग दिसतो, दर थोड्या वेळाने बघत जा.

ड्रोग लावूनही वेग जास्त असेल तर नांगर. दोरी खोलीच्या निदान तिप्पट, नांगराला दोन मीटर साखळी, आणि बांधायचा नेहमी बोटीच्या नाकाला. लाटा असताना मागच्या बाजूला किंवा बाजूच्या कडेला नांगर बांधला की पाणी आत येतं, यात चर्चा नको.

लूर किती खोल जातोय हे मोजायची सोपी युक्ती. खोली माहीत असलेल्या जागी तो बोटीशेजारी सोडा आणि तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा. 15 फुटांना दहा आकडे लागले तर पुढच्या कास्टला आठवर थांबून ओढायला सुरुवात केली की तो तळाच्या जरा वर चालतो. वजन किंवा शॅडचा साइज बदलला की परत मोजायचं.

दिसतोय पण लागत नाही

हा सगळ्यात जास्त डोकं फिरवणारा प्रकार. लूर बोटीपाशी येतो, वर उचलणार तेवढ्यात खालून एक लांब हिरवट सावली वर येते, हातभर अंतरावर थांबते, डोळा हलताना दिसतो आणि ती तशीच हळूच मागे सरकून विरून जाते. इथे रॉड उचलायचा नाही. रॉडचं टोक पाण्यात घालून लूर बोटीशेजारी मोठ्या इंग्रजी आठ आकड्यासारखा फिरवा, वळणावर वेग वाढवा आणि एक वळण खोल घ्या, मासा बऱ्याचदा वळणावरच तोंड मारतो. नाही मारलं तर जागेची पिन टाका, मागे लागून तोच लूर दहा वेळा फेकू नका. वीस-तीस मिनिटं दुसरीकडे घालवून परत या, लांबून कास्ट करा आणि यावेळी आधीच्यापेक्षा लहान आणि हळू चालणारं काहीतरी लावा. पाठलाग करणारा मासा ही चांगली बातमी आहे, जागा बरोबर आहे, आता वेग आणि साइजशी खेळायचं. क्रम असा ठेवा: आधी खोली, मग वेग, मग साइज आणि रंग सगळ्यात शेवटी. लोक रंगापासून सुरू करतात कारण डब्यात रंगच भरपूर असतात.

झँडरचं वेगळंच. त्याचा ठोका म्हणजे लाईनला ओलं पान लागून सुटल्यासारखं, एक बारीक टक आणि संपलं. शॅड वर काढून बघा, शेपटी कापली गेली असेल किंवा बाजूला दोन छोटी भोकं असतील तर मासे तिथेच आहेत आणि मागून नुसतं चावून सोडतायत. अशावेळी शॅड 10 सेंटिमीटरपर्यंत खाली आणा, शेपटीजवळ एक छोटा ट्रेबल (तीन टोकांचा गळ) लावा जर नियमात बसत असेल तर, आणि उडवणं बंद करा. तळापासून फूटभर वर जिग धरून दहा-पंधरा सेकंद अजिबात हलवायचा नाही, बोटीच्या हेलकाव्याने होईल तेवढंच. सतत काहीतरी करायची सवय असलेल्या माणसाला हे फार जड जातं, पण मंद दिवशी हेच चालतं. टक लागली की वाट न बघता रॉड झटकन वर ओढा.

थोडं पाणी आणि उजेडाबद्दल. झँडरच्या डोळ्यात रात्री चमकणारा पडदा असतो, कमी उजेडात त्याला फायदा, म्हणून ढगाळ दिवस, गढूळ पाणी आणि शेवटचे दोन तास त्याचे. अडचण अशी की बोटी अंधार पडायच्या आत परत द्यायच्या असतात. म्हणून चांगली सापडलेली जागा दुपारी अडीच-तीनला मोकळी ठेवून शेवटच्या तासासाठी राखा, आणि परतीचा वेळ धरून ती जेटीपासून फार लांब नसलेली निवडा. ऊन लख्ख, वारा पडलेला, पाणी काचेसारखं, असा दिवस मिळाला तर दुपारभर खोल कडेला जा नाहीतर सरळ पर्चच्या मागे लागा, छोट्या जिगवर पर्च दिवसासुद्धा खातात आणि या तलावांमध्ये तीन पौंडांचे पर्च असतात, त्यांना कमी लेखू नका.

बांगडा लावून बसायचं कधी

नियमात बसत असेल तर मेलेल्या आमिषाचा एक रॉड थंड पाण्यात, साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत, फार उपयोगाचा. आमिष म्हणजे बांगडा, तारली, हेरिंग. चांगला बांगडा अर्धा कापून ट्रेबलला लावताना कोकणातल्या माणसाचा जीव तुटतो हे खरं, पण शेपटीकडचा अर्धा भाग तेलकट, चिवट आणि लांब फेकता येतो. गळ शक्यतो बार्बलेस, म्हणजे उलट्या काट्याशिवायचा. थवा सापडलाय आणि लूरला काहीच उत्तर नाही, अशावेळी नांगर टाकून असं आमिष तळाशी ठेवा, दर पंधरा मिनिटांनी दोन हात ओढून जागा बदला आणि त्याच वेळी दुसऱ्या रॉडने लूर चालवत राहा, अर्थात दोन रॉडची परवानगी असेल तर. फ्लोट (लाईनवरची तरंगणारी खूण) हलला की लगेच ओढायचं, गिळू द्यायचं नाही. वाट बघितली तर गळ पोटात जातो आणि मग मासा वाचत नाही.

मासा लागल्यावर

जाळीत आल्यावर पाण्यातच दोन श्वास घेऊ द्या आणि तेवढ्यात मॅट ओली करा, फोरसेप्स हाताशी ठेवा. हाताला मोठं घड्याळ किंवा कडं असेल तर काढा. पाइकला पाठीवर किंवा कुशीवर मॅटवर ठेवून खालच्या बाजूच्या गलफड्याच्या झाकणाच्या कडेने बोटं आत सरकवायची, मधल्या लाल कंगव्याला लावायची नाहीत, वर उचललं की तोंड आपोआप उघडतं. गळ खोल असेल तर कापा, ट्रेबल दोन पौंडांना मिळतो, मासा वीस वर्षांचा असू शकतो. फोटो एक-दोन, मॅटवरच गुडघ्यावर बसून. मग पाण्यात शेपटीजवळ धरून ठेवा, तो स्वतःहून झटका देऊन जाईपर्यंत.

झँडर आणि पर्चबाबतीत खोली महत्त्वाची. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतली हवा पटकन सोडता येत नाही, त्यामुळे 30 फुटांच्या खालून वर काढलेला मासा फुगतो, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर दिसतं आणि सोडला तरी वर उलटाच तरंगतो. स्क्रीनवर 40 फुटांवर कितीही सुंदर कमानी दिसल्या तरी त्यांना सोडा आणि कमी खोलीतले शोधा. झँडर इंग्लंडात मूळचा नाही, 1963 मध्ये तो ग्रेट ऊझ रिलीफ चॅनलमध्ये सोडला आणि तिथून पसरला, म्हणून तो परत सोडायचा की काय करायचं याचे नियम त्या त्या पाण्यावर विचारून घ्या.

परत आल्यावर

गाडीत हीटर लावून बसलात की फोनवर चार ओळी लिहा: वाऱ्याची दिशा, पाण्याचं तापमान, थवे कुठल्या खोलीवर होते आणि कुठल्या पिनवर काहीच नव्हतं. शेवटची गोष्ट सगळ्यात उपयोगाची. त्याच महिन्यात परत गेलात तर त्या जागा वगळून सुरुवात करता येते आणि दोन तासांचा शोध तासाभरात आटोपतो.

आणि सामान धुवा. 2010 मध्ये ग्रॅफमला किलर श्रिंप नावाची परकी कोळंबी सापडली, इंग्लंडात पहिल्यांदाच, आणि ती ओलसर जाळीत, दोरीच्या पिळात, बुटांच्या खाचेत कित्येक दिवस जिवंत राहते. जाळी, मॅट, ड्रोग, बूट सगळं नीट तपासायचं, शक्य असेल तिथे गरम पाण्याने धुवायचं आणि दुसऱ्या पाण्यावर नेण्याआधी पूर्ण वाळवायचं. नांगराची दोरी सगळ्यात उशिरा वाळते, ती गुंडाळून पिशवीत टाकू नका, गॅरेजमध्ये सुटी करून टांगा.